कंसातली गोळी

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी झालंय, सध्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. बाबा ५६ वर्षांचे, आमची द्राक्षबाग आहे. दारूला त्यांनी कधी हात लावलेला नाही. गेल्या दिवाळीत पोट फुगलं, पाय सुजले आणि सोनोग्राफीत सिरॉसिस (यकृतात वण पडून ते कडक होणं) निघाला. एकदा पोटातलं पाणी काढलं. पाणी पूर्ण उतरल्यावर यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन केला, आकडा २८ आला. मोठे डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांटचा विचार मनात ठेवा.

चुलत्यांच्या ओळखीतून एका स्टेम सेल सेंटरचा पत्ता लागला. कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतात आणि सलाईनमधून देतात. तीन वेळा, साडेचार लाख. त्यांच्या माहितीपत्रकात आहे की या पेशी ‘विंट, नॉच आणि हिप्पो या सिग्नलिंग पाथवेंना चालना देऊन यकृतातल्या झोपलेल्या मूळपेशींना जागं करतात’. हे शब्द मी कॉलेजात ऐकलेले, म्हणून मला ते खरं वाटलं.

यकृतात मूळपेशी असतात का? असतील तर बाबांचं यकृत वाढत का नाही? लिव्हर कापलं तरी परत येतं म्हणतात ना? बाहेरून त्या पेशींना उठवता येतं का? नाहीतर मी माझं लिव्हर द्यायला तयार आहे, पण बाबा ऐकत नाहीत. घरात बाग गहाण टाकायचं चाललंय. (बाबांना बी-ची कावीळही, म्हणजे हिपॅटायटिस बी, निघाली होती. तिची रोज एक गोळी होती, पण चार महिन्यांत बरं वाटायला लागलं म्हणून त्यांनी सोडली. आईनं तेव्हापासून त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलंय.)

उत्तर

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

बाकीचं नंतर वाच. आधी हे कर: याच आठवड्यात बाबांना त्यांच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ‘गोळी सोडली आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांग. बाबा सांगणार नाहीत, तू सांग. बाबांची बी-ची कावीळ ही आपल्या नेहमीच्या काविळीसारखी येऊन जाणारी नाही. तिचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतो. गोळी त्याला दाबून ठेवते, हाकलून देत नाही. गोळी मधेच सुटली की तो उसळतो, आणि सिरॉसिस झालेल्या यकृताला अशी उसळी झेपत नाही. बरं वाटत होतं ते गोळीमुळेच. जुनी चिठ्ठी घेऊन दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नका, कारण कुठलं औषध आणि किती हे मूत्रपिंडाच्या तपासणीवरून ठरतं. डॉक्टर विषाणूचा डीएनए किती आहे ते बघतील. काविळीसाठी बिलिरुबिन, रक्त गोठण्यासाठी आयएनआर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघतील. पैशाची अडचण असेल तर या काविळीची तपासणी आणि गोळ्या सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. २०१८ पासून देशभर ती सोय आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात विचार.

आता तुझे प्रश्न. मी आयुष्यभर पॅथॉलॉजीत काढलंय. पेशंटची नाडी फारशी धरली नाही, पण यकृताचे तुकडे हजारोंनी पाहिलेत. म्हणून तुला मी काचपट्टीवरूनच सांगते.

कलेजी हातात घेतलीस तर ती एकसंध, गुळगुळीत लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती फरशी बसवलेल्या अंगणासारखी दिसते. मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या षटकोनी फरश्या. प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक शीर. कोपऱ्यांवर तीन नळ्यांचा जुडगा: एक आतड्याकडचं रक्त आणते, दुसरी शुद्ध रक्त आणते, तिसरी पित्त बाहेर नेते. रक्त कोपऱ्यांकडून मध्याकडे झिरपतं, पित्त उलट्या दिशेनं वाहतं. मधल्या जागेत यकृतपेशींच्या रांगा. दिसायला सगळ्या सारख्या, कामं मात्र वेगळी. मध्यापाशी बसलेल्या वेगळं करतात, कडेच्या वेगळं.

कुणी कुठलं काम करायचं हे त्यांना सांगतं कोण? एक स्टेन, म्हणजे ठरावीक गोष्ट रंगवून दाखवणारी तपासणी, आम्ही नेहमी करतो, ग्लुटामिन सिंथेटेज नावाच्या विकराचा. निरोगी यकृतावर तो केला की मधल्या शिरेभोवती पेशींच्या एक-दोन रांगांची तपकिरी अंगठी उमटते, बाकीची फरशी फिकी राहते. काठ इतका स्वच्छ की वाटतं कुणी पेनानं गिरवलंय. ही अंगठी म्हणजे तुझ्या माहितीपत्रकातला तो ‘विंट’. मधल्या शिरेच्या अस्तरातल्या पेशी विंट-२ आणि विंट-९बी ही प्रथिनं सोडतात. ती लांब जात नाहीत, शेजारच्या एक-दोन घरांपर्यंतच पोचतात. ज्या पेशीला निरोप मिळत नाही ती बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन बनवते आणि लगेच मोडून टाकते. बनवणं-मोडणं अखंड चालू. निरोप आला की मोडणारी टोळी थांबते, बीटा-कॅटेनिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि ठरावीक जनुकं सुरू करतं. त्यातलंच एक जनुक म्हणजे आमची तपकिरी अंगठी. सिग्नलिंग पाथवे, म्हणजे पेशींना निरोप पोचवायचा मार्ग, हा शब्द ऐकून लोकांना वायरिंग आठवतं. मला ती अंगठी आठवते.

नॉच याहून जवळचा. तो हवेतून जातच नाही. एका पेशीच्या अंगावर जॅग्ड नावाचं प्रथिन, शेजारणीच्या अंगावर नॉच. दोघी एकमेकींना चिकटल्या की नॉचचा आतला तुकडा कापला जातो आणि तोच केंद्रकात जाऊन हुकूम देतो. यकृतात या हुकुमाचा अर्थ बहुधा ‘पित्तनलिका हो’ असा असतो. काही बाळांमध्ये जॅग्डचं जनुक जन्मतः बिघडलेलं असतं. त्यांच्या यकृतात पित्तनलिका अगदी थोड्या बनतात, कावीळ हटत नाही. त्याला अलाजील सिंड्रोम म्हणतात. एक निरोप नीट पोचला नाही की काय होतं याचा इतका सरळ पुरावा माणसात क्वचितच मिळतो.

आणि हिप्पो. नाव गमतीचं आहे. फळमाशीत हे जनुक बिघडवलं तेव्हा माशीचं डोकं जाडजूड, सुरकुतलेलं झालं, म्हणून पाणघोड्याचं नाव. हा मार्ग म्हणजे वाढीचा ब्रेक. ब्रेक लागलेला असतो तोवर यॅप नावाचं प्रथिन केंद्रकाबाहेर अडवलेलं राहतं. ब्रेक सुटला की यॅप आत जातं आणि पेशी वाढायला लागते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या यकृतात यॅप मुद्दाम चढवलं. यकृत फुगत फुगत शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं झालं. यॅप बंद केल्यावर परत मूळ मापाला आलं. फार दिवस चालू ठेवलं तर गाठी झाल्या. हा शेवटचा भाग माहितीपत्रकात नाही ना? तो लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता मूळपेशी. इथं मी तुला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

आतड्यात मूळपेशींची जागा ठरलेली असते, रक्तासाठी हाडाच्या मगजात ठरलेली असते. यकृतात तसं वेगळं कोठार आहे का यावर शास्त्रज्ञ कित्येक दशकं भांडताहेत. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत कापून दाखवलं की आठवडा-दहा दिवसांत वजन भरून येतं. ‘लिव्हर कापलं तरी परत येतं’ या लोकांच्या वाक्यामागे असा प्रयोग आहे. पण कापलेला भाग पालीच्या शेपटीसारखा फुटत नाही, उरलेला भाग मोठा होतो. आणि त्यासाठी कुठल्याही खास मूळपेशी लागत नाहीत. साध्या, कामावर असलेल्या यकृतपेशीच विभागतात. २०१५ मध्ये रूल नुसे यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेनं सांगितलं की मधल्या शिरेजवळच्या, विंट ऐकणाऱ्या पेशी मूळपेशींसारखं काम करतात. विंटचं जनुक शोधणाऱ्यांपैकी ते एक, त्यामुळे सगळ्यांनी कान टवकारले. मग २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एकदम दोन अभ्यास आले: रोजची डागडुजी मुख्यतः मधल्या पट्ट्यातल्या पेशी करतात, शिरेजवळच्या नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण कल कुठं आहे ते दिसतं. आगीचा बंब प्रत्येक गावात नसतो. गंज पेटली की विहिरीपाशी जो असेल तो बादली घेऊन धावतो. यकृताचं साधारण तसं आहे.

आणि या बादलीवाल्या पेशी आळशी नाहीत बरं का. १९५०-६० च्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याचा आधार घेऊन जर्मनीत ड्रेसडेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये माणसाच्या यकृतपेशींचं वय काढलं. माणूस विशीतला असो की ऐंशीतला, यकृताचं सरासरी वय तीन वर्षांपेक्षा कमी निघालं. म्हणजे तुझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाचं यकृतही वयानं तीन वर्षांच्या पोराएवढं. मला स्वतःला हे वाचून जरा बरं वाटलं होतं.

मग बाबांचं यकृत वाढत का नाही?

सिरॉसिसची बायोप्सी कशी दिसते ते सांगते. सुईतून येणारा तुकडा दीड-दोन सेंटिमीटरचा, शेवयाच्या तुकड्याएवढा. मॅसन ट्रायक्रोम नावाचा स्टेन केला की यकृतपेशी लालसर आणि वण निळे दिसतात. फरश्यांचं अंगण कुठंच नाही. लाल गाठोडी, आणि प्रत्येक गाठोड्याला करकचून बांधणारे निळे पट्टे. मधली शीर कुठं गेली ते सापडत नाही, त्यामुळे ती तपकिरी अंगठीही जागेवर नसते. पण पट्ट्यांच्या कडेला नीट पाहिलंस तर गडद केंद्रकांच्या बारीक पेशींच्या ओळी दिसतात, मोहरीचे दाणे एकापुढे एक मांडल्यासारख्या. नवी असताना मी रिपोर्टमध्ये ‘डक्ट्युलर रिॲक्शन, प्लस टू’ एवढं लिहून पुढच्या स्लाइडकडे वळायची.

त्या ओळी म्हणजे यकृताची राखीव फळी. यकृतपेशी थकल्या, त्यांना विभागणं जमेना, की पित्तनलिकांच्या टोकांजवळच्या पेशी वाढायला लागतात. त्यांच्यातून पित्तनलिका होऊ शकते, यकृतपेशीही होऊ शकते. एडिनबराच्या गटानं २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं की यकृतपेशींची विभागणी अडवली तर याच नळीकडच्या पेशींतून नव्या यकृतपेशी बनतात. यकृतातली ‘मूळपेशी’ शोधायचीच असेल तर ती इथं आहे. आणि बाबांच्या यकृतात ती झोपलेली नाही. सिरॉसिसच्या स्लाइडवर ती चांगली टक्क जागी असते, संख्येनं भरपूर असते. तिला कळत नाही ते एवढंच की काय व्हायचं.

एडिनबराच्याच स्टुअर्ट फोर्ब्ज यांच्या गटाचा २०१२ मधला एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. त्यांनी पाहिलं, या राखीव पेशीच्या शेजारी कोण बसलंय. पित्तनलिकांना इजा झाली असेल तर शेजारी वण बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर जॅग्ड असतं. राखीव पेशीला नॉचचा निरोप मिळतो आणि ती पित्तनलिका होते. यकृतपेशी मेल्या असतील तर शेजारी मॅक्रोफेज, म्हणजे शरीराचे सफाई कामगार, जमतात. मेलेल्या पेशींचा कचरा खाल्ला की तेच मॅक्रोफेज विंट-३ए सोडतात, त्यानं नॉच दबतो आणि तीच राखीव पेशी यकृतपेशीच्या वाटेला लागते. कचरा उचलणाऱ्यानंच घरमालकाला सांगावं, ‘इथली भिंत पडलीय, बांधायला घ्या’, असं आहे हे. पेशी एकच. शेजार बदलला की तिचं नशीब बदललं.

आता बाबांच्या यकृतातला शेजार बघ. विषाणूमुळे पेशी मरताहेत, आज थोड्या, उद्या थोड्या. स्टेलेट नावाच्या पेशी एरवी अ जीवनसत्त्वाचे थेंब पोटात धरून शांत बसलेल्या असतात. इजा होत राहिली की त्या ते थेंब टाकून देतात आणि वण विणायला बसतात. त्यांना हा हुकूम देतं टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन. गंमत अशी की हेच टीजीएफ-बीटा यकृतपेशींना ‘विभागू नका’ सांगतं. वण जमला की यकृत कडक होतं. तुझ्या रिपोर्टवरचा तो २८ हा कडकपणाचाच आकडा, किलोपास्कलमध्ये. निरोगी माणसात तो साधारण सहाच्या आत असतो. आणि हा कडकपणा पेशींनाही कळतो. कडक जमिनीवर बसलेल्या पेशीत यॅप केंद्रकात शिरतं, स्टेलेट पेशीत ते शिरलं की ती आणखी वण विणते. एकीकडून थांबा, दुसरीकडून विणा, तिसरीकडून नळी व्हा. अशा गलक्यात तू अजून चार माणसं आणून उभी केलीस तर ती काय करतील?

म्हणून मी म्हणते, बाबांच्या यकृताला पेशींची टंचाई नाही. तिथं चुकीचे निरोप फिरताहेत, आणि ते फिरतात कारण मूळ मारामारी थांबलेली नाही.

तुझ्या सेंटरच्या सलाईनमध्ये आहे काय? मगजातल्या मूळपेशी रक्त बनवणाऱ्या. २००० च्या आसपास असे शोध जाहीर झाले होते की मगजातल्या पेशी यकृतपेशी होतात, आणि सगळीकडे खळबळ उडाली. २००३ मध्ये उंदरांवर नीट तपासल्यावर कळलं की त्यांचं रूपांतर झालेलं नव्हतं. त्या असलेल्या यकृतपेशींत विलीन झाल्या होत्या आणि त्यामुळे तसं दिसत होतं. मगजातलाच दुसरा प्रकार, मेसेंकायमल पेशी, त्या शिरेतून दिल्या तर बहुतेक आधी फुप्फुसांतच अडकतात. ‘पेशी आपोआप जागा शोधतात’ हे वाक्य तुला कुणी ऐकवलं तर हे विचार.

माणसांवर करून पाहिलं का? पाहिलंय. ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या ८१ रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या यकृतविषयक नियतकालिकात आली. काहींना मगज उत्तेजित करणारं जी-सीएसएफ इंजेक्शन, काहींना त्याच्या जोडीला स्वतःच्याच मूळपेशीही, काहींना नेहमीचे उपचार. यकृताचं काम कुठल्याच गटात सुधारलं नाही, पेशी दिलेल्या गटात त्रास मात्र जास्त झाले. सेंटरवाले कदाचित दिल्लीचा २०१२ चा अभ्यास दाखवतील: अचानक ढासळलेल्या यकृताच्या ४७ रुग्णांत जी-सीएसएफनं जगण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं होतं. अभ्यास प्रामाणिक होता, मी तो वाचून उत्साहानं भाषणही ठोकलं होतं. पुढे जर्मनीत १७६ रुग्णांवर तेच औषध तपासलं तर फायदा दिसला नाही. छोट्या चाचणीचं असंच असतं, पहिल्या पावसावर पिकाचा अंदाज बांधू नये हे तुला मी काय सांगायचं.

निरोप बदलण्याचे प्रामाणिक प्रयत्न चाललेत, हे खोटं नाही. एडिनबरानं रुग्णांचेच मॅक्रोफेज प्रयोगशाळेत वाढवून त्यांना परत दिले. २०२३ मध्ये जवळपास पन्नास रुग्णांचे निकाल आले: सुरक्षित वाटले, पण जे मुख्य मोजायचं होतं त्यात ठोस फरक निघाला नाही. केंब्रिजमध्ये २०२१ साली पित्ताशयाच्या पेशींतून वाढवलेल्या सूक्ष्म अवयवांनी, यंत्रावर जिवंत ठेवलेल्या मानवी यकृतातल्या पित्तनलिका दुरुस्त केल्या. ते यकृत प्रत्यारोपणासाठी नाकारलेलं होतं, माणसाच्या पोटात नव्हतं. मी या बातम्या अधाशासारख्या वाचते. पण यातलं काहीच आज साडेचार लाखांना विकण्याजोगं नाही.

आणि खरोखर कुणी विंट किंवा यॅप नुसतंच ‘चालू’ करून दिलं, तर मला भीती वाटेल. आठव ते उंदीर. माणसात यकृताचा कर्करोग झालेल्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात बीटा-कॅटेनिनचं जनुक बिघडलेलं सापडतं, म्हणजे विंटचा निरोप कुणी न देताच कायमचा चालू. अशा काही गाठींवर आमचा तो तपकिरी स्टेन केला की अंगठीच्या जागी अख्खी गाठ तपकिरी होते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं टेक्निशियननं स्टेन जास्त वेळ ठेवला. त्याला उगाच बोलले, पुन्हा करायला लावला. पुन्हा तसाच आला. सिरॉसिस आणि बी-ची कावीळ दोन्ही असलेल्या माणसाला या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त असतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली असेल, ती चुकवू नका. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी झाली आहे का, तेही विचार.

सेंटरला फोन करायचाच असेल तर दोनच गोष्टी विचार. चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय. आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. ही दोन उत्तरं चुलत्यांना फोन स्पीकरवर टाकून ऐकव. मी सांगून त्यांना पटायचं नाही.

आता ज्याच्यावर माझा खरा भरवसा आहे ते. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला. बी-च्या काविळीच्या ३४८ रुग्णांची औषधाआधी आणि टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी पाच वर्षं घेतल्यानंतर, अशी दोनदा बायोप्सी झाली. त्यातल्या ९६ जणांना सुरुवातीला सिरॉसिस होता. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी ७१ जणांच्या स्लाइडवर सिरॉसिस उरला नव्हता. आम्ही शिकलो तेव्हा ‘सिरॉसिस परत फिरत नाही’ हे परीक्षेत लिहिलं नाही तर मार्क जायचे! कुणी पेशी टोचल्या नव्हत्या, कुठला पाथवे जागवला नव्हता. विषाणू गप्प झाला, पेशी मरायच्या थांबल्या, वण विणणाऱ्यांना काम उरलं नाही, सफाई कामगारांनी जुना वण खाऊन टाकला आणि यकृतानं स्वतःची घडी स्वतः बसवली. गोळी कुठली? बहुधा तीच किंवा तिच्या बहिणीसारखी दुसरी, जी बाबांनी चार महिन्यांत सोडली.

तुला फसवायचं नाही म्हणून सांगते: त्या अभ्यासातले रुग्ण बाबांपेक्षा बऱ्या अवस्थेतले होते, त्यांच्या पोटात पाणी झालेलं नव्हतं. बाबांची पायरी पुढची आहे. पण पाणी झालेल्या रुग्णांतही गोळी नेमानं घेतल्यावर काहींचं यकृत इतकं सावरतं की ट्रान्सप्लांटच्या यादीतून नाव काढतात. बाबा त्यांच्यात असतील की नाही हे सहा-आठ महिन्यांत रिपोर्टवरून कळू लागेल. तोवर ट्रान्सप्लांट सेंटरला एकदा दाखवून ठेवा. नाव नोंदवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नसतं. आणि बाग गहाण टाकायची वेळ आलीच, तर ती त्यासाठी राखून ठेवलेली बरी.

तुझ्या यकृताचं. मुलगी म्हणून कायद्यानं तू देऊ शकतेस. उजवा भाग काढला तर साधारण साठ टक्के जातं, आणि उरलेलं तीनेक महिन्यांत बरंचसं भरून येतं. ते १९३१ चे उंदीर तुझ्या बाजूनं आहेत. पण दात्याच्या जिवालाही धोका असतो, दोनशे ते पाचशेत एक एवढा, आणि तो शून्य आहे असं कुणी म्हणालं तर उठून ये. बाबा नाही म्हणताहेत ते मला समजतं, मीही आई आहे. पण त्याआधी एक गोष्ट: तुझी स्वतःची बी-ची तपासणी झाली आहे का? लॅबमध्ये काम करतेस, दिवसभर दुसऱ्यांचे ‘रिॲक्टिव्ह, नॉन-रिॲक्टिव्ह’ टाइप करतेस आणि स्वतःचा रिपोर्ट नाही, असं असेल तर उद्या सकाळी कामावर जाताच रक्त दे. आईचं, भावंडांचंही तपास. निगेटिव्ह असाल तर लस घ्या, आज, एक महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात, तीन डोस.

झाडपाल्याचं काही चालू असेल तर थांबव. पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण आपल्याकडे काविळीला कुणीतरी काहीतरी आणून देतंच. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, म्हणून ‘नुकसान तर नाही ना’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

आणि ताटाचं. बी-ची कावीळ एका ताटात जेवून होत नाही, पाणी प्यायल्यानं होत नाही, जवळ बसल्यानं होत नाही. ती रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरते. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं नेलकटर. आईला हे तू समोर बसवून सांग. यकृताच्या माणसाला डाळ-तूप बंद करून नुसत्या भातावर ठेवायची आपली रीतही सोडा. अशा माणसाला प्रथिनं जास्तच लागतात, मांड्यांचं मांस झडायला लागलेलं असतं. बंद करायचं ते मीठ: पापड, लोणचं, वरून घेतलेलं सगळंच. रात्री झोपताना दूध-पोळी काहीतरी पोटात असू दे.

डीएनएचा आकडा आला की मला कळव. बाबांचं ताट आजपासून सगळ्यांच्या पंगतीत मांड, आणि वरण घट्ट वाढ.